एवढं शिकून परत शेतीच?

पत्र थोडक्यात असं आहे. ताईंचं वय ३९. माहेर सांगली जिल्ह्यातल्या द्राक्षपट्ट्यातलं, वडिलांची बाग, घरचा बेदाणा. बॉटनीत बी.एस्सी. झाल्या, लग्न झालं, नवऱ्याच्या नोकरीमागे अमेरिकेत आल्या आणि आता बरीच वर्षं कॅलिफोर्नियात फ्रेझ्नोजवळ राहतात. एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरीवर आलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, होत्या तेव्हा नोकरी करता आली नाही, त्यात मुलं लहान. आता ग्रीन कार्ड हातात आलंय, मुलं दिवसभर शाळेत असतात आणि ताईंना जवळच्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, जाऊन शेती शिकायचीय. नवरा नाही म्हणत नाही, पण म्हणतो, "करायचंच तर मास्टर्स कर, निदान चारचौघांत सांगता तरी येईल." मैत्रिणी म्हणतात सॉफ्टवेअर टेस्टिंगचा नाहीतर डेटा अ‍ॅनालिटिक्सचा कोर्स कर, लगेच नोकरी लागेल. आणि वडील फोनवर म्हणाले, "बागेतनं बाहेर काढाय शिकवली तुला, आन तू परत बागंतच चाललीस व्हय?" त्या दिवसापासून कॉलेजचा फॉर्म अर्धा भरून तसाच पडलाय. ताई विचारतात, "पदवी असताना, या वयात, एकोणीस वर्षांच्या पोरांच्या शेजारी बसून शेती पहिल्यापासून शिकायची, हा वेडेपणा आहे का?"

ताई,

तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही अगदी जाता जाता लिहिलीय. शेजारच्या काकांच्या मागच्या अंगणात मांडवावर थॉम्पसन जातीच्या द्राक्षाची वेल आहे, ते दर हिवाळ्यात ती दोन-दोन डोळ्यांवर, म्हणजे काडीवरच्या कोंबांवर, आखूड छाटायचे, वेल हिरवीगार फुटायची पण घड काही लागायचे नाहीत. तुम्ही त्यांना सांगितलंत की काड्या लांब ठेवा, बारा-पंधरा डोळ्यांच्या, आणि पुढच्या उन्हाळ्यात मांडव घडांनी भरला. आणि त्यावर तुम्ही लिहिलंय की यात काय विशेष, आमच्याकडे शेंबडं पोरगंही हे सांगेल.

विशेष आहे हो. थॉम्पसनच्या काडीच्या बुडाकडचे डोळे फळ द्यायला फार कच्चे असतात, घड धरतात ते वरचे डोळे, म्हणून ही जात लांब काडीवरच छाटायची. आणि त्या डोळ्यात घड असणार की नुसता पाला, हे आदल्या हंगामातच ठरलेलं असतं, काडीला ऊन किती लागलं, पालवी किती दाटली यावर. आपल्याकडे एप्रिल छाटणीनंतर सूक्ष्म घडनिर्मिती म्हणून सगळे जे जपतात, सबकेन करतात म्हणजे काडीचा शेंडा खुडून बाजूची फूट काढतात, शेंडे मारतात, ते याचसाठी. तुम्ही हे घरात जेवताना ऐकून शिकलात. आणि बॉटनी शिकलात कॉलेजात, परीक्षेपुरती. ही दोन्ही ज्ञानं तुमच्यात इतकी वर्षं शेजारी शेजारी पडून आहेत आणि कोणी ती कधी जोडून दिली नाहीत. त्यामुळे "पहिल्यापासून शिकणं" हे तुम्ही जे म्हणताय ते मला पटतच नाही. तुम्ही मधूनच सुरू करताय.

तरीपण बिनधास्त फॉर्म भरा असं लगेच सांगून मोकळी होणार नाहीये, कारण तुमच्या पत्रात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकात एक गुंतल्यात आणि त्या सुट्या केल्याशिवाय उत्तर चुकेल. एक, कम्युनिटी कॉलेज म्हणजे खालची पायरी ही समजूत. दोन, वडिलांचं वाक्य. आणि तीन, जी तुम्ही लिहिलीच नाहीत, की तुम्हाला शेतीतलं काम करायचंय की माहेरची बाग परत हवीय.

आधी कम्युनिटी कॉलेजचं बघू. आपल्या लोकांत याबद्दल एक अढी आहे. आपण इथे आलो ते मोठ्या युनिव्हर्सिटीचं नाव बघून, आणि ज्याला कुठे अ‍ॅडमिशन मिळत नाही तो कम्युनिटी कॉलेजात जातो असं आपण धरून चालतो. कॉलेज सगळ्यांना घेतं, टक्के विचारत नाही, म्हणजे तिथे काही शिकवत नसणार हा आपला हिशोब. पण शेतीच्या बाबतीत हा हिशोब साफ उलटा पडतो. कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत आणि सेंट्रल व्हॅलीतल्या, म्हणजे तुमच्याच शेतीपट्ट्यातल्या, कॉलेजांमध्ये शेती हा कोपऱ्यातला विषय नाही, तिथला मुख्य धंदाच तो आहे. फ्रेझ्नो काउंटीचं शेतीउत्पन्न वर्षाला आठ-नऊ अब्ज डॉलरच्या आसपास जातं, तिथल्या कॉलेजनं शेती वरवर शिकवली तर आसपासचे शेतकरीच जाब विचारतील. तुमच्या जवळच्या रीडली कॉलेजची स्वतःची शेती आहे. उत्तरेला सांता रोझाच्या कॉलेजची शोन फार्म म्हणून ३६५ एकरांची जागा आहे. म्हणजे माती शिकायची तर खड्ड्यात उतरून थर बघायचे, पाणी शिकायचं तर ड्रिपच्या लाइनवर प्रेशर मोजायचं. हे युनिव्हर्सिटीतही असतं, नाही असं नाही, पण तिथे पोहोचायला आधी दोन वर्षं जावी लागतात.

आणि खर्च. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना फी युनिटला, म्हणजे एका क्रेडिटला, ४६ डॉलर आहे, म्हणजे तीन युनिटचा एक विषय १३८ डॉलरला, वर पुस्तकं, पार्किंग, थोडी हेल्थ फी वगैरे. रहिवासी म्हणजे सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी एक वर्ष आणि एक दिवस कॅलिफोर्नियात राहिलेले आणि इथेच राहायचा इरादा असलेले, त्यात तुम्ही आरामात बसता. घरचं उत्पन्न बेताचं असेल तर ही फीसुद्धा माफ होते. पेल ग्रँट, म्हणजे केंद्र सरकारची शिक्षणाची मदत, मात्र तुम्ही धरून चालू नका, आधीची पदवी असलेल्यांना ती सहसा मिळत नाही, मग ती पदवी भारतातली का असेना. त्याऐवजी टॅक्स भरताना लाइफटाइम लर्निंग क्रेडिट ही करातली सूट बघायला नवऱ्याला सांगा, खर्चाच्या २० टक्के, जास्तीत जास्त २,००० डॉलर, उत्पन्नाची मर्यादा आहे पण एकेक विषय घेणाऱ्यालाही ते मिळतं. एवढ्या पैशात आपल्याला हे झेपतंय का, आवडतंय का हे कळणार असेल तर मला तरी तो सौदा फार चांगला वाटतो.

आता वडिलांचं वाक्य. त्यावर मी सगळ्यात जास्त विचार केला, कारण फॉर्म थांबलाय तो त्या वाक्यानं, मास्टर्सनं नाही आणि वयानंही नाही. "बागेतनं बाहेर काढाय शिकवली." ताई, द्राक्ष बागायतदार हे वाक्य कशातून बोलतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय. ऑक्टोबर छाटणी झाल्यावर पाऊस लागून राहिला की डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या धाकानं रात्री दोन वाजता ट्रॅक्टरला फवारणीचा ब्लोअर जोडायचा, माल तयार झाला की व्यापारी दर पाडणार, एखादा तर पैसे बुडवून पळून जाणार, बेदाणा रॅकवर टाकला की अवकाळी येणार, आणि औषधाच्या दुकानाची उधारी ती वेगळीच. वडिलांना तुम्हाला यातून बाहेर काढायचं होतं. द्राक्षाच्या विद्येपासून तुम्हाला तोडायचं त्यांच्या मनात कधी असेल असं मला नाही वाटत, नाहीतर तुम्हाला एवढं सगळं ऐकवलं कोणी? ते शेतकऱ्याच्या जोखमीबद्दल बोलत होते आणि तुम्ही ते शेतीच्या शिक्षणाबद्दल ऐकलंत. तुम्ही फ्रेझ्नोत कर्ज काढून वीस एकर घेणार नाही आहात. तुम्हाला जे करायचंय ते पगारी, परवान्याचं, शास्त्राचं काम आहे. हे त्यांना कोणी सांगितलं का? तुमच्या पत्रावरून दिसतंय की तुम्ही फक्त "शेती शिकायचीय" एवढंच म्हणालात आणि पुढे ऐकूनच घेतलंत.

पुढच्या फोनवर पटवायला जाऊ नका. त्यांना प्रश्न विचारा. भुरीवर, म्हणजे पानांवरच्या पांढऱ्या बुरशीवर, तुम्ही गंधक कधी मारायचा, किती दिवसांनी, पानाच्या कुठल्या बाजूला आधी दिसायची, हे विचारा. फ्रेझ्नोत उन्हाळा कोरडा ठणठणीत, त्यामुळे डाऊनीचा जाच जवळपास नाहीच, पण भुरी मात्र मुख्य रोग, आणि इथे तापमानाच्या हिशोबानं भुरीचा धोका किती आहे याचा रोजचा आकडा काढून फवारणीतलं अंतर ठरवतात, डेव्हिसच्या युनिव्हर्सिटीनं बसवलेली पद्धत आहे ती. हे त्यांना सांगा. शिवाय क्रिमसन आणि फ्लेम या जाती त्यांना नक्की माहीत असणार, त्या दोन्ही फ्रेझ्नोच्याच सरकारी संशोधन केंद्रातल्या. आणि थॉम्पसन हे नावच १८७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या ज्या शेतकऱ्यानं ही जात इथे लावली त्याचं, पुढे तीच आपल्याकडे आली आणि तासगाव भागात तिच्यातून निवडून तास-ए-गणेश झाली. तुमच्या बापलेकीत बोलायला हा विषय किती मोठा आहे बघा, आणि तुम्ही दोघं त्यावरूनच अबोला धरून बसलाय.

आता तिसरी गोष्ट, जरा अवघड आहे म्हणून नीट वाचा. तुम्ही लिहिलंय की हायवेवरून जाताना गाडी बाजूला घेऊन वेलींची फूट बघता, ऑगस्टच्या शेवटी ओळींच्या मधे कागदावर पसरलेले घड दिसले की डोळे भरून येतात. हे प्रेम खरं आहे, पण प्रेम कशावर आहे ते तपासा. कारण फ्रेझ्नोच्या परिसरात बेदाण्याच्या बागा वर्षानुवर्षं कमी होतायत, मजूर मिळत नाहीत, दर परवडत नाही, लोक वेली उपटून बदाम नाहीतर पिस्ता लावतात. तुम्ही शिकून कामाला लागलात तर पहिलं काम द्राक्षात मिळेलच असं नाही. बदामाच्या बागेत झाडाखालून फळं गोळा करून, फोडून, आत नेव्हल ऑरेंजवर्मची अळी किती टक्के आहे ते मोजत दिवस काढावा लागेल, किंवा संत्र्याच्या बागेत पिवळे चिकट सापळे तपासत. सकाळी सहाला निघायचं, एकटीनं पिकअप चालवत एका शेतावरून दुसऱ्या शेतावर, जुलैत पारा १०५-११० फॅरनहाइटला. त्यात माहेरचं काही नाही. ना आपली भाषा, ना मांडवाखालची सावली, ना घरच्यांचा गोंगाट.

हे ऐकूनही बदामाची ती अळी बघायची उत्सुकता वाटली तर तुम्हाला खरंच पीकशास्त्र आवडतंय. नाही वाटली तर तेही काही वाईट नाही, मग तुम्हाला माती आणि वेल हवीय, नोकरी नाही, आणि त्यासाठी मागच्या अंगणात दहा वेली आणि युनिव्हर्सिटीच्या मास्टर गार्डनर कार्यक्रमात स्वयंसेवकाचं काम पुरेल, ते काम मनापासून करणारी माणसं मला फार आवडतात. दोन्हींतलं कुठलं, हे घरी बसून विचार करून कळणार नाही. रीडलीजवळ पार्लियरला युनिव्हर्सिटीचं कर्नी संशोधन केंद्र आहे, तिथे आणि आसपास फील्ड डे होतात, शेतकरी-सल्लागार जमतात, कोणीही जाऊ शकतं. एखाद्या दिवशी जाऊन नुसत्या उभ्या राहा, काय बोलतात ते ऐका. परत येताना मन कुठे आहे ते तुमचं तुम्हाला कळेल.

समजा उत्तर हो आलं. मग कम्युनिटी कॉलेजातून काय मिळवायचं हे आधी ठरवा, कारण "अ‍ॅग्रिकल्चर शिकते" एवढं पुरत नाही, तिथे प्राणी, ट्रॅक्टर-मशिनरी, अ‍ॅग बिझनेस, जंगल असं बरंच काही असतं आणि काउन्सेलर एकोणीस वर्षांच्या मुलाला जो प्लॅन देतात तोच तुमच्या हातात ठेवतील, इंग्लिश, इतिहास, स्पीच सकट. तुम्हाला असोसिएट डिग्रीची, म्हणजे त्या दोन वर्षांच्या पदवीची, गरज नसेलही.

माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यात सरळ वाट पीसीएच्या लायसन्सची आहे, पेस्ट कंट्रोल अ‍ॅडव्हायझर. आपल्याकडे द्राक्ष सल्लागार असतो ना, बागेत येऊन पानं उलटीपालटी करून काय मारायचं ते सांगणारा, तसंच हे काम, फरक एवढाच की इथे ते परवान्याशिवाय करता येत नाही, शिफारस लेखी द्यावी लागते आणि तिच्याखाली सही करणाऱ्यावर जबाबदारी येते. कॅलिफोर्नियात १९९० पासून शेतीतली प्रत्येक फवारणी काउंटीला कळवावी लागते, त्यामुळे कागदपत्रांचं कामही भरपूर. लायसन्स देतं राज्याचं डिपार्टमेंट ऑफ पेस्टिसाइड रेग्युलेशन. अट अशी, की शेती, जीवशास्त्र, निसर्गविज्ञान अशा विषयातली बॅचलर्स पदवी आणि त्यांनी ठरवलेल्या गटांतले ४२ सेमिस्टर युनिट. त्यात १२ युनिट मूळ विज्ञानांचे, ९ पिकाच्या आरोग्याचे म्हणजे माती, पाणी, कीटक, रोग, तण असले विषय, ६ कीड व्यवस्थापनाच्या पद्धतींचे, ६ पीक उत्पादनाचे आणि ९ निवडीचे. मग कायद्याचा पेपर आणि कीटक, रोग, तण अशा गटांपैकी निदान एकाचा पेपर. बॅचलर्स नसेल तरी वाट आहे, ६० युनिट, त्यात ते ४२ आलेच, आणि २४ महिन्यांचा तांत्रिक कामाचा अनुभव.

तुमची बी.एस्सी. इथे कामाला येते. बॉटनी, केमिस्ट्रीचे विषय पहिल्या गटात धरले जायची चांगली शक्यता आहे आणि मग उरलेले विषय कम्युनिटी कॉलेजात घेता येतात. सेमिस्टरला दोन विषय, मुलं शाळेत असताना, या वेगानं अडीच-तीन वर्षं. पण एक खाच आहे. आपली पदवी तीन वर्षांची, आणि इथे काही ठिकाणी ती बॅचलर्सच्या बरोबरीची धरतात, काही ठिकाणी नाही. म्हणून कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका, मार्कशीट इथल्या मान्य संस्थेकडून विषयवार तपासून घ्या आणि तो रिपोर्ट घेऊन थेट डिपार्टमेंटला विचारा की माझे किती युनिट धरणार आणि मी कुठल्या वाटेनं यायचं. हे आधी केलंत तर पुढे एकही विषय फुकट जाणार नाही. पदवी नाही धरली तरी घाबरायचं कारण नाही, दोन वर्षांच्या अनुभवाच्या वाटेनं या, स्काउट म्हणून शेतात किडींची नोंद घ्यायचं काम तेव्हाही मिळतं आणि ते पगारी असतं.

अजून एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण ती कॉलेजात कोणी सांगणार नाही. बरेचसे पीसीए औषधं विकणाऱ्या कंपन्यांकडे नोकरीला असतात. म्हणजे सल्लाही त्यांचाच आणि मालही त्यांचाच. स्वतंत्र काम करणारेही आहेत, शेतकऱ्याकडून एकरी फी घेऊन. तुम्ही औषध दुकानाच्या उधारीत वाढलेल्या घरातल्या आहात, तुम्हाला हा फरक पुस्तकाशिवाय कळतो, आणि पुढे कुठे काम करायचं हे ठरवताना तो मनात ठेवा एवढंच.

कीड-रोगांत मन रमत नसेल तर पाणी बघा. कॅलिफोर्नियात २०१४ ला भूजलाचा कायदा आला, सगळ्यात जास्त उपसा झालेल्या भागांना २०४० पर्यंत उपसा आणि भरणा यांचा मेळ घालायचाय, आणि तुमचा परिसर त्यातच येतो. त्यामुळे कुठल्या बागेला किती पाणी, कधी, हे मोजून सांगणाऱ्या माणसांची गरज आहे. ड्रिप तर तुम्ही लहानपणापासून बघताय.

मास्टर्सबद्दल तुमच्या नवऱ्याचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. त्यांच्या बोलण्यात "चारचौघांत सांगता येईल" हा भाग मला आवडला नाही, पण मास्टर्स हा पर्याय खरा आहे. फ्रेझ्नो स्टेटला प्लांट सायन्समध्ये आणि व्हिटिकल्चरमध्ये, म्हणजे द्राक्षशास्त्रात, मास्टर्स करता येतं, घरापासून लांब नाही. संशोधनात जायचं असेल तर तेच करा. फक्त, तिथे अर्ज करताना मातीचं, वनस्पती शरीरक्रियेचं, स्टॅटिस्टिक्सचं शिक्षण आधी झालंय का हे बघतात, आणि तुमची बी.एस्सी. होऊन इतकी वर्षं झालीत की ते परत करावंच लागेल. ते करायची स्वस्त जागा कुठली? परत कम्युनिटी कॉलेजच. शिवाय तिथल्या प्राध्यापकांची शिफारसपत्रं मिळतील, जी आज तुमच्याकडे एकही नाही. म्हणजे कम्युनिटी कॉलेज की मास्टर्स असं तुमच्या घरात जे चाललंय ते भांडणच चुकीचं आहे, एक वर्ष दोन्ही वाटा एकच आहेत. नवऱ्याला हे असं सांगितलंत तर मला वाटतं विरोध तिथेच मावळेल.

डेटा अ‍ॅनालिटिक्सचं काय? तुमच्या पूर्ण पत्रात त्या कोर्सबद्दल एक ओळ आहे आणि वेलींबद्दल दोन पानं. मी यावर जास्त लिहीत नाही.

वयाचं आणि पोरांच्या शेजारी बसायचं. पहिला आठवडा अवघड जाईल, नंतर लॅबमध्ये फावडं हातात आलं की कोण किती वर्षांचं हे कोणी बघत नाही, आणि खरंतर अशा वर्गांत दुसऱ्यांदा करिअर करणारे, सैन्यातून परत आलेले, दिवसा शेतात काम करून संध्याकाळी शिकणारे असे बरेच असतात. तुमच्या इंग्लिशची काळजी तुम्ही लिहिलीय, तिच्यापेक्षा मला स्पॅनिशची जास्त वाटते. इथल्या शेतात काम करणारे बहुतेक लोक स्पॅनिश बोलतात, आणि ज्या सल्लागाराला मजुरांशी, मुकादमाशी त्यांच्या भाषेत बोलता येत नाही त्याला शेतात खरं काय चाललंय ते अर्धंच कळतं. त्याच कॉलेजात त्याच फीमध्ये स्पॅनिश शिकवतात, एक-दोन सेमिस्टर घ्याच. दोन भाषा येणाऱ्या माणसाला तिसरी जड जात नाही.

घरातलं एक ठरवून टाका, आणि ते सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी. लॅब तीन तासांची असते आणि शाळेतून मुलांचा फोन कधीही येऊ शकतो, त्या दिवशी कोण जाणार? हे आज बोलला नाहीत तर ऑक्टोबरमध्ये एखाद्या मुलाला ताप येईल आणि सगळे न बोलताच धरून चालतील की वर्ग बुडवणार त्या तुम्हीच. "नाही म्हणत नाही" हा पाठिंबा झाला नाही, नवऱ्यानं आठवड्यातले दोन दिवस आपले म्हणून कॅलेंडरवर लिहायला हवेत.

हाच प्रश्न पडलेल्या बाकीच्यांसाठी थोडं, कारण अशी पत्रं हल्ली वाढलीत. तुम्ही अजून एच-४ वर असाल तर शिकायला बंदी नाही, पार्टटाइम विषय घेता येतात, कॅलिफोर्नियात रहिवाशाच्या फीलाही पात्र होता येतं, पण पगारी इंटर्नशिप करता येत नाही, जोवर तुमच्याकडे कामाची परवानगी नाही, आणि ती २०१५ पासून ठराविक जणांनाच मिळते, मुख्यतः जोडीदाराचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीनं केलेला अर्ज, मंजूर असेल तर. शेतीत इंटर्नशिपला फार वजन आहे, म्हणून हे आधीच लक्षात घ्या. तुमच्या मुलाला किंवा मुलीला बारावीनंतर हे करायचं असेल आणि ते एच-४ वर असतील तर एकविसाव्या वाढदिवसाला तो व्हिसा संपतो, त्याच्या आधी वकिलाशी बोला. मुलं नागरिक असतील तर कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं, ६० युनिट, आणि मग डेव्हिसला किंवा सॅन लुइस ओबिस्पोच्या कॅल पॉलीला बदली ही अगदी रुळलेली वाट आहे, फक्त कुठला विषय कुठे धरला जातो हे पहिल्या सेमिस्टरलाच तपासायचं, दुसऱ्या वर्षी नाही. आणि कॅलिफोर्नियाबाहेर असाल तर आपल्या भागात काय पिकतं ते बघा, तेच तिथलं कॉलेज चांगलं शिकवतं. वॉशिंग्टनमध्ये वॉला वॉला आणि याकिमाच्या कॉलेजांत द्राक्ष आणि वाइन आहे, आयोवात सीडर रॅपिड्सच्या कर्कवुड कॉलेजात शेतीचा विभाग मोठा आहे, शिकागोजवळचं जोलिएट कॉलेज तर १९०१ चं, देशातलं सगळ्यात जुनं सरकारी कम्युनिटी कॉलेज, आणि तिथेही शेती शिकवतात. बऱ्याच राज्यांत त्याच काउंटीत राहणाऱ्यांना फी कमी असते, ते विचारा.

ताई, तुमचं काम आता एवढं. भारतातून ट्रान्सक्रिप्ट यायला फार वेळ लागतो, म्हणून ते आजच सुरू करा, भावाला युनिव्हर्सिटीत पाठवा. तो अर्धा फॉर्म पूर्ण करा, प्रवेश फुकट आहे आणि त्यानं तुम्ही कशाला बांधल्या जात नाही. ऑगस्टच्या सेमिस्टरला एकच विषय घ्या, आणि तो द्राक्षाचा घेऊ नका, मातीचा घ्या, लॅबसकट. द्राक्षात तुम्हाला आठवणी मदत करतील आणि मग कळणार नाही की आवडतंय काय. मातीत तुम्हाला केमिस्ट्री परत काढावी लागेल, क्षार, सामू, चुनखडी, निचरा, आणि डिसेंबरमध्ये ती परीक्षा देऊन झाली की जानेवारीत दोन विषय घ्यायचे, मास्टर्सकडे वळायचं की अंगणात वेली लावायच्या, हे तुम्हाला कोणाला पत्र लिहून विचारावं लागणार नाही. तरी लिहाच, मला वाचायला आवडेल.